तिसरी खेप

मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि मांजरं माझ्याकडे राहिली. पाच वर्षं झाली त्याला. कॉलेजात असताना तिनंच एका ग्रुपमध्ये नाव घातलं होतं. नगरमधली पंधरा-वीस माणसं. विहिरीत पडलेली, गाडीच्या बॉनेटमध्ये अडकलेली, गोणीत घालून कुणीतरी माळावर सोडलेली मांजरं आणायची, दवाखान्यात न्यायची, आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाच्या तरी घरी ठेवायची. ते कुणाचं तरी घर म्हणजे भिंगारमधलं आमचं घर. जाताना ती म्हणाली, "बाबा, एवढी चार पिल्लं बघा, मग मी ग्रुपच्या मॅडमना सांगते की आमच्याकडे आता नको." त्यानंतर किती आली ते मी मोजलं नाही. मोजली असती तर तिसऱ्या महिन्यातच हात जोडले असते.

मी नागापूरच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं फिटर होतो. निवृत्तीनंतर सकाळी सावकाश उठायचं, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, संध्याकाळी किल्ल्यापर्यंत पाय मोकळे करून यायचं, एवढीच माझी स्वप्नं होती. फार मोठी नव्हती. पण मुलीच्या खोलीत आता तिच्या पुस्तकांऐवजी खोकी आहेत, वाळूचे ट्रे आहेत, आणि कितीही फिनेल टाकलं तरी न जाणारा एक वास आहे. पाहुणे आले की बायको ते दार लावून घेते आणि उदबत्ती लावते. पाहुण्यांना वाटतं आम्ही फार धार्मिक झालो.

नवीन पिल्लं आली की ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहते. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," म्हणते, आणि मग स्वतःच जुनं स्वेटर शोधायला जाते. मी सिरिंजनं दूध पाजायला बसलो की मात्र एक वाक्य ठरलेलं आहे. "माझ्या बाळंतपणात एक दुपटं धुतलं नव्हतंत." हे खरं आहे. तेव्हा माझी शिफ्ट असायची. एका माणसाला तिन्ही शिफ्ट तर नसतात, हे ती बोलत नाही, पण मला ऐकू येतं.

मार्च लागला की मांजरांचा हंगाम सुरू होतो. मॅडम म्हणजे ग्रुप चालवणाऱ्या बाई, कॉलेजात शिकवतात, माझ्या मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी माझा नंबर लोकांना देऊन ठेवलाय. दिवसाला पाच-सहा फोन. माळ्यावर पिल्लं सापडली, जिन्याखाली सापडली, काका काय करू? मी एकच पाठ म्हणून दाखवतो. हात लावू नका. लांब जाऊन बसा. चार तास थांबा. आई येते. मांजर सात घरी पिल्लं फिरवते हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण फिरवते म्हणजे काय, ते कुणी पाहिलेलं नसतं. तोंडात एका वेळी एकच मावतं. एकाला घेऊन ती जाते तेव्हा बाकीची तिथंच पडून राहतात, आणि नेमका तेवढ्यात एखादा दयाळू माणूस येतो. कुत्र्यापेक्षा दयाळू माणसाचीच मला जास्त भीती वाटते, असं मी फोनवर ऐटीत सांगायचो. लोक हसायचे. मलाही ते वाक्य आवडायचं.

त्या दिवशी सकाळी नसबंदीचं ऑपरेशन झालेली एक मांजर मी केडगावला तिच्या गल्लीत सोडून आलो होतो. पिंजरा स्कूटरला बांधून जायचं, बांधून यायचं. उजवा गुडघा दोन दिवसांपासून धरला होता. घरी येऊन चपला काढतोय तोच माझ्या जुन्या जोडीदाराचा फोन. आम्ही एका कंपनीत होतो, पुढे त्यानं नागापूरलाच दोन लेथ टाकून वर्कशॉप काढलं. म्हणाला, "कॉटन वेस्टच्या पोत्यात मांजरीची पोरं आहेत. माझी माणसं पाय देतील. तू घेऊन जा बाबा." भिंगारहून नागापूर म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. बारा वाजत आले होते. मी चहासुद्धा न घेता निघालो आणि वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला मुलीला, मॅडमना आणि मांजर या जातीला शिव्या दिल्या.

वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात पोतं होतं. हात पुसायला लागतं ते सुताचं कोरं वेस्ट. त्यात तीन पिल्लं एकमेकांत गुंतून झोपलेली. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे बारा-पंधरा दिवसांची. दोन भुरी बारीक आणि एक काळं, चांगलं गुबगुबीत. शेजारी नवा कॉम्प्रेसर बसवला होता आणि तो दर पाच मिनिटांनी धडाडत होता.

वॉचमन माझ्यामागे येऊन उभा राहिला. पाथर्डीकडचा म्हातारा माणूस, सगळे त्याला मामा म्हणतात.

"मिस्त्री, त्यांची आई हाय बरं," तो म्हणाला. "सकाळच्याला एक पिल्लू तोंडात धरून त्या भिताडाच्या पल्याड गेली. म्या बघितलं. ह्या मशिनीला भ्याली आसंल. येईल परत, जरा दम धरा."

"किती वेळ झाला?"

"झाला की लई. पर येईल. मांजर सात घरं फिरवती, ठावं न्हाई व्हय तुमाला?"

मला ठावं होतं. मीच गावाला शिकवत होतो. मी एक बादली उलटी घालून तिच्यावर बसलो. पत्रा तापला होता. गुडघा वाकवला तरी दुखे आणि सरळ केला तरी दुखे. कॉम्प्रेसर चालू आहे तोवर मांजर आत येणार नाही, हे मला कळत होतं. जेवणाच्या सुट्टीत तो बंद होईल, तेव्हा येईल, हेही कळत होतं. जेवणाची सुट्टी तासाभरावर होती. म्हणजे तासभर थांबायचं, मग ती येते का ते पाहायचं, मग एकेक पिल्लू नेईपर्यंत आणखी थांबायचं. मग उन्हातून परत. मी घड्याळ पाहिलं. बसून पंचवीस मिनिटं झाली होती.

मी उठलो आणि पिल्लं खोक्यात घातली.

"मामा, पाच वर्षं हेच करतोय मी," मी त्याला म्हणालो. तो काही विचारत नव्हता, तरी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.

आता लिहायला बसलोय तर स्पष्टच लिहितो. दयेनं मी ती पिल्लं उचलली नाहीत. थांबण्यापेक्षा उचलणं सोपं होतं म्हणून उचलली. मी दमलो होतो. घरी नेलं की काम माहितीचं होतं, हात आपोआप चालतात. तिथं बसून राहणं मला झालं नाही.

घरी आल्यावर ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "तीन पिल्लं, आई नाही." बोटांनी इतक्या सहज लिहिलं की माझं मलाच नवल वाटलं. मॅडमचं लगेच उत्तर आलं, "काका, तुम्ही आहात म्हणून." त्याखाली बारा जणांनी हात जोडले.

मग सुरू झालं ते नेहमीचं. दर तीन तासांनी पावडरचं दूध कोमट करायचं, सिरिंजनं थेंब थेंब द्यायचं. आधी कापूस गरम पाण्यात बुडवून, पिळून, पोटाखालून फिरवायचा, तेव्हा ती मुततात. आई हे जिभेनं करते. रबराच्या पिशवीत गरम पाणी भरून ती स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवायची, निवली की पुन्हा. स्वयंपाकाच्या काट्यावर रोज वजन करायचं. बायकोनं तो काटा बेसनाच्या लाडवांसाठी घेतला होता. या घरात त्यावर लाडवांपेक्षा मांजरंच जास्त बसली असतील.

काळं पिल्लू सगळ्यांत जोमदार. सिरिंज दिसली की पुढचे पाय मारत यायचं. भुऱ्या दोघांची मला काळजी होती, काळ्याची नव्हती. मी येणाऱ्या पिल्लांना नावं ठेवत नाही, तो नियम मी पहिल्या वर्षीच केला. पण याला मी मनात पैलवान म्हणू लागलो होतो, हे कबूल करतो.

चौथ्या दिवशी राहुरीला मेव्हणीच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं, तेही महिन्याभरापूर्वी. बायकोनं माझा झब्बा इस्त्री करून ठेवला होता. सकाळी तो तिनं परत कपाटात टांगला आणि एसटीनं एकटी गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आदल्या दुपारी दूध पाजताना माझा डोळा लागला होता. क्षणभरच. सिरिंज काळ्याच्या तोंडात होती. ती जोरात दाबली गेली का, ते मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही ठरवता येत नाही. जाग आली तेव्हा त्याच्या नाकाशी दुधाचा एक बुडबुडा होता. मी पुसला. ते शिंकलं, आणि पुन्हा प्यायला लागलं.

बारशाच्या दिवशी सकाळी त्यानं तोंड उघडलं नाही. श्वास घेताना आतून बारीक घरघर येत होती. मी बाकी दोघांना उबेत ठेवलं, त्याला शर्टाच्या आत छातीशी धरलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओळखीचे. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "छातीत दूध गेलंय." कसं गेलं ते त्यांनी विचारलं नाही. इंजेक्शन दिलं. परत येताना स्कूटरवर ते शर्टाच्या आत दोनदा हललं, हे मला आठवतं. घरी येऊन बटणं काढली तेव्हा ते गेलेलं होतं.

परसात कढीपत्त्याच्या बुडाशी खड्डा खणला. गुडघ्यामुळे खाली बसता येईना, म्हणून वाकूनच खणला. मग हात धुतले, कारण भुऱ्यांची वेळ झाली होती.

बायको दुपारी उशिरा आली. डब्यात बारशाच्या घुगऱ्या होत्या. खोक्यात वाकून पाहिलं, परसदारी जाऊन ओली माती पाहिली, आणि चहा टाकला. "खा," म्हणाली. मी घुगऱ्या खाल्ल्या. मला रडू आलं तर तिला ते दिसू नये म्हणून मी बराच वेळ डब्यातच पाहत होतो.

ग्रुपवर कळवलं तेव्हा मॅडमनी लिहिलं, "काका, तुम्ही सगळं केलंत. आईविना पिल्लं जगवणं अवघडच असतं."

सहाव्या दिवशी वर्कशॉपमधून फोन आला. जोडीदाराच्या फोनवरून मामा बोलत होता.

"मिस्त्री, ती मांजर रोज येती ओ. जेवणाच्या सुट्टीत मशिन बंद झाली की येती. पोत्यात त्वांड घालती, समदं वेस्ट उकरती, आन् लई वरडती. मला बगवंना झालंय. म्हनून म्हनलं कळवावं."

"आणि ते पिल्लू? तिनं आधी नेलेलं?"

"हाय की. भिताडाच्या पल्याड पाईप पडल्यात, त्यात ठिवलंय. चांगलं हाय."

फोन ठेवून मी बायकोला सगळं सांगितलं. मामा काय म्हणाला होता ते, बादलीवर पंचवीस मिनिटं बसलो ते, ग्रुपवर काय लिहिलं ते. दुपारी डोळा लागला होता तेही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणाली. पुढचं अर्धं तिनं माझ्यावर दया करून सोडून दिलं असावं. मग ताट बाजूला सारलं. "तिला दूध आहे अजून?"

"एक पिल्लू पितंय म्हणजे असणार."

"मग बसलात काय? नेऊन द्या तिची तिला."

"सहा दिवस माणसाच्या हातात राहिलीत ती. पावडरचा वास, माझा वास. तिनं नाही घेतली तर?"

"नाही घेतली तर आपण आहोतच. मेलोय थोडेच?"

मी मॅडमना फोन केला. खरं सांगायचं असं ठरवून केला. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की आई सापडली. त्या आनंदानं ओरडल्याच. "काका, चमत्कारच म्हणायचा!" मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. त्यांनी ते ग्रुपवर टाकलं आणि पुन्हा बारा जणांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला सुट्टी होती. सकाळी नऊला मामानं अर्धं शटर वर केलं. आत सगळं गप्प होतं. भुऱ्यांना मी निघायच्या आधी थोडंच दूध दिलं होतं. पाईपांजवळ गेलो तर ती बिचकून ते पिल्लूही हलवेल, म्हणून खोकं पोत्याशेजारीच ठेवलं. मामानं पोत्यातलं वेस्ट मूठभर काढून माझ्या हातात दिलं.

"ह्यानं पुसा त्यास्नी. तिचा वास आसंल ह्याला."

हे मला सुचलं नव्हतं. मी दोघांना डोक्यापासून शेपटीपर्यंत पुसलं आणि बाकीचं वेस्ट त्यांच्याखाली घातलं. मग तीच बादली घेऊन शटरच्या बाहेर, एका अंगाला जाऊन बसलो. मामा माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

दहा वाजले. अकरा वाजले. पिल्लांना भूक लागली आणि ती ओरडू लागली. बारीक पोरांचा तो आवाज पत्र्याखाली भरून राहतो. माझ्या पिशवीत थर्मास होता, सिरिंज होती. साडेअकराला मी उठलो.

मामानं माझं मनगट धरलं. "बसा. वरडू द्या. ती वरडल्याबिगर तिला कळनार कसं?"

"मामा, एक गेलंय माझ्या हातून."

त्यानं मनगट सोडलं नाही. त्याला मी अजून सांगितलं नव्हतं. "तरीबी बसा," म्हणाला.

बसलो. गुडघा ठणकत होता. उठून आत जावं, दूध द्यावं, खोकं उचलून घरी जावं, असं दर मिनिटाला वाटत होतं. आत एक पिल्लू गप्प झालं. मग दुसरंही गप्प झालं. ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

बारा वाजून गेल्यावर ती आली. भुरीच होती. हडकलेली, एका कानाचा तुकडा गेलेला. आम्हाला पाहून कुंपणापाशी थांबली. आम्ही मान खाली घातली. ती पोट जमिनीला लावून, भिंतीकडेनं शटरखालून आत गेली. आतून एक आवाज आला. तो मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता, कारण माझ्याकडे येतात ती बिनआईचीच. घशातल्या घशात, विचारल्यासारखा आवाज. त्यावर दोन्ही पिल्लं एकदम किंचाळली.

बराच वेळ ती बाहेर आली नाही. ती त्यांना हुंगून सोडून देईल आणि एकटीच बाहेर येईल, अशी मला खात्री वाटू लागली होती. मग ती आली, आणि तिच्या तोंडात एक भुरं लोंबत होतं. मानेला धरलेलं, पाय आक्रसून घेतलेलं. आमच्याकडे न पाहता ती भिंतीकडे गेली, एका उडीत वर चढली आणि पलीकडे उतरली.

"घेतलं की," मामा म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

पाच-सात मिनिटांत ती परत आली. दुसरं नेलं. या वेळी दबकत नव्हती, सरळ चालत गेली.

मी उठलो. अंग इतकं हलकं वाटलं की गुडघ्याचीसुद्धा आठवण राहिली नाही. पिशवी खांद्याला लावली आणि खोकं घ्यायला आत निघालो, तेवढ्यात मामानं मला मागं ओढलं.

ती तिसऱ्यांदा आली होती.

ती थेट खोक्यात उतरली. वेस्ट हुंगलं. पायानं उकरलं, एक कोपरा, मग दुसरा. स्वेटरची घडी नाकानं उचलून खाली पाहिलं. मग तोच आवाज केला, घशातल्या घशात, आणि थांबली. उत्तर येईना तसा पुन्हा केला. खोक्यातून बाहेर येऊन जुनं पोतं उकरलं, लेथखाली पाहिलं. आणि मग ती शटरपाशी, माझ्यापासून चार हातांवर येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं," मी म्हणालो. "एवढीच होती."

ती गेली. भिंतीवर चढून एकदा मागं पाहिलं आणि पलीकडे उतरली.

"मिस्त्री," मामा हळूच म्हणाला, "तीन नेलती ना तुमी?"

"तीन," मी म्हणालो.

मी आत गेलो आणि रिकामं खोकं उचलायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या ते," मागून तो म्हणाला. "ती आजून येईल."